दाखव रे, मला दाखव

१

छातीला हात लावून हणमंतराव मरत होते आणि समोर बसलेली तीन शहाणीसुरती माणसं आपापले पत्ते सांभाळत बसली होती. ही हकिगत सकाळी सकाळी कानावर आली आणि सहायक पोलीस निरीक्षक गीतांजली केंद्रेला पुढ्यातला चहा नकोसा झाला.

सांगणारी बाई हणमंतरावांची बायको होती, सिंधु. नवऱ्याचं प्रेत घरात ठेवून, अंगणात तिरडी बांधणाऱ्या माणसांसमोरून ती सरळ लोह्याच्या ठाण्यात आली होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. रडायचं ती बहुतेक पुढे कधीतरी करणार होती.

"मॅडम, जाळायच्या आधी तपासा," ती म्हणाली. "माझा माणूस नाटक करत न्हवता."

"नाटक करत होते असं कोण म्हणतं?"

"समदेच. ते तिघंबी तेच सांगून राहिलेत."

श्रावण लागला की त्या भागात पत्त्यांना ऊत येतो. हणमंतरावांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, रोज दुपारी तीन पत्ती बसायची. खेळणारे ठरलेले. हणमंतराव, लोह्याचे खतवाले बसवंत, डॉक्टर माणिकप्पा आणि लातूरहून येणारे वकील वैजनाथ. हे वैजनाथ म्हणजे सिंधुचाच धाकटा भाऊ. हणमंतरावांना एक खोड होती. पत्ते जबर आले की ते रडायला लागायचे. मेलो रे, छातीत कळ येऊन राहिली, आता काही खरं न्हाई. हे ऐकलं की बाकीचे ओळखायचे की म्हाताऱ्याकडे तगडं पान आहे, आणि पत्ते टाकून मोकळे व्हायचे. काल दुपारी हणमंतराव असेच रडले आणि रडता रडता आडवे झाले.

"कालचं रडणं खरं होतं, हे तुम्हाला कशावरून वाटतं?" गीतांजलीने विचारलं.

सिंधुने पदराची गाठ सोडली. आत प्लास्टिकची इवलीशी डबी होती. "बंडी उतरवताना आतल्या खिशात सापडली. टोपण उघडंच व्हतं. ह्या त्यांच्या जिभेखाली ठिवायच्या गोळ्या. मॅडम, पत्ते खेळताना ते कितीबी रडले तरी गोळीला हात लावत न्हवते. गोळीची मस्करी करू नये म्हनायचे. काल डबी उघडली, म्हंजी कळ खरी होती."

गीतांजलीने डबी पाकिटात घालून टेबलाच्या कडेला ठेवली. बाईचं बोलणं तिला पटलं होतं. तेवढ्यात व्हरांड्यात फोनवर बोलणारे वैजनाथ आत आले. पांढरा शर्ट, डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

"मॅडम, तुम्ही खुशाल पीएम करा," ते म्हणाले. "सासरचे लोक आरडाओरडा करतील, करू द्या. अक्काच्या मनात शंका नको. पाहिजे तिथे मी सही देतो."

निदान एक माणूस तरी हिच्या बाजूने आहे, असं गीतांजलीला वाटलं. ‘खुशाल’ हा शब्द तेवढा कानाला किंचित टोचला, पण का, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

त्यांच्या मागोमाग सिंधुचे थोरले दीर ग्यानोबा येऊन दारातच उभे राहिले. "सिंधुबाई, एक ध्यानात ठिवा. आमच्या माणसाची चिरफाड करून काही निघालं न्हाई, तर घराची पायरी चढायची न्हाई. अन् मॅडम, तुम्हाला म्हनून सांगतो. ह्यांना लेकरूबाळ न्हाई. रस्त्याकडची जमीन हणमंता माझ्या पोराच्या नावानं करणार होता. पुढल्या हप्त्यात रजिस्ट्री होती. आता ती अडली. कोनाच्या फायद्याची, ते इचारा ह्या बाईला."

सिंधुने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. प्रेत नांदेडला सरकारी दवाखान्यात रवाना झालं.

२

बसवंत आपल्या दुकानात खताच्या पोत्यांवर बसले होते. माणूस बोलका. पोलीस दिसताच आधी ‘नमस्कार, आपण बसावे’ असं पुस्तकातलं बोलले आणि दोन वाक्यांत मूळपदावर आले.

"काय सांगू मॅडम, असा दोस्त मिळायचा न्हाई. अन् खेळायला तर लई मजा यायची त्यांच्यासंगं. रडले की आम्ही वळखायचो."

"काल काय काय म्हणाले ते सांगा. शब्द अन् शब्द."

बसवंतांनी नक्कलच सुरू केली. छातीवर हात ठेवला, मान वाकडी केली. मेलेल्या मित्राची नक्कल करताना त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं होतं, हे त्यांना कळलंही नाही.

"‘मेलो रे,’ म्हणले. ‘कळ येऊन राहिली.’ मंग बंडीतून गोळी काढली, जिभेखाली सारली. म्हटलं, आज तर नाटकात गोळीबी आली, लईच मोठं पान असंल. अन् मंग म्हणले, ‘आज तर गोड हाय रे. लई गोड हाय.’ बस्स! म्या पत्ते फेकले. बादशाची जोडी होती मॅडम! जोडी टाकली म्या!"

जोडीचं दुःख त्यांच्या तोंडावर अजून ताजं होतं. गीतांजलीला त्या माणसाकडे बघवेना. ती उमरीची. श्रावणात तिच्या वडिलांचा अड्डा घराच्या ओट्यावरच बसायचा आणि चहा नेऊन द्यायचं काम तिच्याकडे असायचं. ती बोलणी ऐकतच ती मोठी झाली होती. पत्ते हातात घेतलेला माणूस जे बोलतो ते उलटं वाचायचं असतं, हे तिला शाळेतल्या पाढ्यांआधी कळलं होतं. पत्त्यांचा तिला तेव्हापासून वीट होता. माणसाच्या बोलण्यावरचा विश्वासच उडवणारा खेळ, असं तिचं मत होतं, आणि आज त्या मतावर शिक्का बसत होता.

"मग?"

"मंग काय, जरा येळानं म्हणले, ‘दाखव रे, मला दाखव.’ अन् झाले आडवे."

"हे कोणाला म्हणाले?"

बसवंतांनी डोळे पोत्यांकडे वळवले. "आता कोनाला म्हंजी... शो मागितला त्यांनी, समोरच्यानं पत्ते दाखवायचे म्हनून. म्या तर पत्ते टाकून तंबाखू मळून राहिलो होतो. मह्या काही ध्यानात न्हाई."

"छातीला हात लावलेला दिसत नव्हता?"

"दिसला की! पर त्यांचे पैसे बंडीच्या खिशातच असायचे, मॅडम. आम्हाला वाटलं, पैसे काढून राहिलेत."

३

डॉक्टर माणिकप्पांचा दवाखाना होमिओपॅथीचा. भिंतभर कपाट, त्यात छोट्या छोट्या बाटल्या. डॉक्टर मृदू बोलणारे, हात जोडून बोलणारे. त्यांनी खुर्ची पुसून दिली.

"तुम्ही डॉक्टर आहात," गीतांजली म्हणाली. "समोर माणूस छाती धरून बसला होता. घाम आला असेल. ओठ पांढरे पडले असतील."

"आखाड्यावर उकडतच होतं, मॅडम. घाम सगळ्यांनाच होता."

"तुम्ही उठून नाडी का नाही बघितली?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "खरं सांगू? खेळायला बसलो की मी डॉक्टर नसतो. माझ्या हातात कलर होता. तिन्ही पानं बदामाची. ते रडायला लागले आणि मी विचार करत होतो की ह्यांच्याकडे ट्रेल असणार, तिन्ही पानं एकसारखी, कलर चालणार नाही. टाकला कलर. मग ते गोड आहे म्हणाले, तेव्हा मला वाटलं, बरं झालं टाकला."

"बरं झालं," गीतांजली पुन्हा म्हणाली.

डॉक्टरांनी मान खाली घातली. पण ती लाज आहे की पकडलं गेल्याची चुटपुट, ते तिला ठरवता येईना. विष घालणाऱ्याचा राग तरी करता येतो. मरणाऱ्याच्या डोळ्यांत पत्ते शोधणाऱ्या या सभ्य गृहस्थाचं काय करायचं?

"शेवटी काय म्हणाले?"

"शो मागितला. ‘दाखव’ म्हणाले."

ती ठाण्यावर परतली तेव्हा वैजनाथ बहिणीशेजारी बाकावर बसले होते. बहिणीसाठी पाण्याची बाटली आणली होती, तिच्या पाठीवर हात ठेवला होता. गीतांजलीने त्यांनाही विचारलं.

"मीसुद्धा पॅक केलं, पत्ते टाकले, मॅडम. दाजी रडले की आम्ही सगळेच टाकायचो. मला काय कल्पना..." आणि त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

दुपार कलली तेव्हा नांदेडहून फोन आला. हृदयविकाराचा झटका. विषाची खूण नाही, मार नाही, काही नाही. नैसर्गिक मृत्यू.

ग्यानोबांनी ते ऐकलं आणि ठाण्याच्या आवारातच मोठ्याने सांगितलं, की या बाईला आता घर बंद. सिंधु बाकावरून उठली नाही. नुसतं म्हणाली, "मॅडम, तुम्हीबी आता नाटकच म्हननार का?"

४

गीतांजली आपल्या टेबलाशी आली आणि तिची नजर कडेला ठेवलेल्या पाकिटावर गेली. पाकिटाला मुंग्या लागल्या होत्या. टेबलाच्या पायावरून रांग वर चढत होती आणि पाकिटाच्या फटीतून आत जात होती. तिने रागाने पाकीट झटकलं, आणि मग हात तसाच थांबला.

हृदयाच्या गोळीला मुंग्या?

‘आज तर गोड हाय रे. लई गोड हाय.’ तिघांनी ते पत्त्यांबद्दल आहे असं ऐकलं. पण तो माणूस तेव्हा पत्त्यांबद्दल बोलत नसेल तर? तोंडात जे होतं, त्याबद्दलच बोलत असेल तर?

तिने सिंधुला आत बोलावलं. "ती गोळी चवीला कशी असायची? कधी म्हणाले होते?"

"जिभेला चुरचुरते म्हनायचे. गोड न्हाई, मॅडम. गोड अज्याबात न्हाई."

समोरच्या मेडिकलवाल्याला बोलावलं. त्याने गोळी चिमटीत धरली, उजेडात बघितली. "ही ती गोळी न्हाई, मॅडम. दिसायला तशीच हाय, पांढरी, चपटी. पण ही बाराक्षाराची. साखरेचीच म्हणा ना. जिभेवर ठिवली की इरघळती. होमिओपॅथीवाले देतात."

होमिओपॅथीवाले. गीतांजलीच्या डोळ्यांसमोर डॉक्टर माणिकप्पांचं बाटल्यांनी भरलेलं कपाट उभं राहिलं. मृदू बोलणारे, हात जोडणारे डॉक्टर. पण डबी भरायचं काम कोणाचं होतं?

"गोळ्या लातूरहून कोण आणतं?" तिने सिंधुला विचारलं.

"वैजूच आणतो. पर घरी आणून देतो तेवढंच. डबी..." सिंधु अडखळली. "डबी कधी मी भरते, कधी ते. मॅडम, असं का इचारून राहिलात?"

सांगणं भाग होतं. हणमंतरावांनी खरी कळ आल्यावर साखर जिभेखाली ठेवली होती. कोणीतरी गोळ्या बदलल्या होत्या. सिंधुचा चेहरा पांढराफटक पडला. सकाळी जमिनीचं बोललेले ग्यानोबा हे ऐकल्यावर कोणाकडे बोट दाखवणार, हे तिला आणि गीतांजलीला, दोघींनाही एकाच वेळी कळलं.

तेवढ्यात हवालदार व्यंकटी दारात आला. अवघडून म्हणाला, "मॅडम, येळ बरी न्हाई, पर उद्याची रजा पाहिजे होती. आईला नांदेडला दाखवायचं हाय."

"घ्या," म्हणताना गीतांजली खुर्चीतून उठलीच.

"काय म्हणालात? परत म्हणा."

"आईला... दाखवायचं हाय, मॅडम. दवाखान्यात."

‘दाखव रे, मला दाखव.’ शो नव्हता मागितला त्या माणसाने. दवाखान्यात न्या म्हणत होता तो. आखाड्याच्या सावलीत, आपल्या सतरंजीवर, आपल्याच माणसांना सांगत होता, मला डॉक्टरला दाखवा. आणि समोर बसलेल्या डॉक्टरने त्याचा अर्थ पत्ते दाखव असा घेतला. गीतांजलीला संताप आला.

मग संताप ओसरल्यावर तिच्यातल्या त्या उमरीच्या पोरीने, जी ओट्यावर चहा नेऊन द्यायची, तिला एक साधी गोष्ट विचारली. शो मागितला असं बसवंत आणि डॉक्टरांना वाटलं तरी कसं?

५

आखाड्याला ग्यानोबांनी काल संध्याकाळीच कुलूप घातलं होतं. आत सगळं तसंच होतं. चुरगळलेली सतरंजी, लोड, चहाचे कप, कडेला बसवंतांच्या तंबाखूची पुडी. गीतांजलीने तिघांनाही आपापल्या जागी बसवलं. बसवंत आणि डॉक्टर दोन बाजूंना. वैजनाथ हणमंतरावांच्या बरोबर समोर. जागांबद्दल कोणी वाद घातला नाही. दारात ग्यानोबा आणि हवालदार व्यंकटी उभे होते, त्यांच्या मागे भिंतीला टेकून सिंधु.

"सिंधुताईंच्या नवऱ्याच्या गोळ्या बदलल्या होत्या," गीतांजलीने सरळ सुरुवात केली. "डबीत बाराक्षार होती."

ग्यानोबांची मान गर्रकन सिंधुकडे वळली. डॉक्टर गुडघ्यांवर उठले.

"मॅडम, बाराक्षार माझ्याकडे असते, कबूल. पण ती मी डझनभर लोकांना देतो! यांना, यांना सुद्धा दिली होती, पित्तासाठी." त्यांचं बोट वैजनाथांकडे गेलं.

"दिली होती," वैजनाथ शांतपणे म्हणाले. "घरात पडली आहे. अक्काकडेही ठेवून गेलो होतो थोडी. म्हणून काय मी गुन्हेगार?"

अक्काकडेही. किती सहज म्हणाला, गीतांजलीला वाटलं. बोलता बोलता बहिणीच्या गळ्यात दोर टाकून ठेवला.

"गोळ्या कोणीही बदलू शकला असता," ती म्हणाली. "म्हणून गोळ्या बाजूला ठेवू. पत्त्यांचं बघू. तुम्ही तिघं म्हणता, पॅक केलं. तीन पत्तीत शेवटचा एकच उरला की डाव त्याचा, संपला. शो मागायला समोर कोणीतरी पत्ते धरून बसलेला लागतो. डॉक्टर, बसवंतराव, तुम्ही दोघांनी ‘दाखव’ ऐकलं आणि तुम्हाला ते शो वाटलं. का वाटलं? कारण समोर एक जण खेळत होता. तुम्हाला दिसत होता."

तिने सतरंजीच्या मधोमध बोट दाखवलं. टाकलेले पत्ते गड्डीत मिसळून पडले होते. पण दोन हात वेगळे होते. एक हणमंतरावांच्या लोडासमोर आणि एक त्याच्या समोर, वैजनाथांच्या गुडघ्यापाशी. तिने दोन्ही उलटे केले. हणमंतरावांचे राणी, सत्ती, चौवी, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. म्हणजे रडण्यासारखं पान नव्हतंच. आणि वैजनाथांचे दश्शी, छक्की, दुर्री. त्याहून फडतूस.

"बरं, मी होतो," वैजनाथ म्हणाले. "लाजेखातर बोललो नाही. दाजी थापा मारतायत असं मला वाटलं. खेळात वाटतं. तो गुन्हा नाही."

"आंधळी खेळत होतात? पत्ते न बघता?"

"न्हाई, मॅडम," बसवंत मध्येच बोलले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पत्ते बघून चाल केली त्यांनी, पैसे टाकले. म्हटलं, वकील साहेबांकडं लईच जबर पान असंल. अन् हणमंतराव ‘दाखव’ म्हणले, तवा हे म्हणले..."

"काय म्हणाले?"

बसवंतांनी कपाळावरचा घाम पुसला. "म्हणले, ‘दाजी, शो पाहिजे तर आधी पैसे टाका.’ ते परत ‘दाखव’ म्हणले. हे म्हणले, ‘घाई काय हाय, जरा इचार करू द्या.’ लई येळ इचार करत बसले, मॅडम."

दाराजवळ सिंधुच्या तोंडून एक आवाज निघाला. रडण्याचा नव्हता तो.

गीतांजली वैजनाथांकडे वळली. "हणमंतराव रडले की तगडं पान, हे तुम्हा तिघांनाही पाठ होतं. बसवंतरावांनी बादशाची जोडी टाकली. डॉक्टरांनी कलर टाकला. डॉक्टर, कळ खरी आहे हे ओळखण्याचं शिक्षण तुमच्याकडे होतं, पण ती ओळखली असती तर त्यांच्याकडे तगडं पान नाही हेही कळलं असतं, आणि तुम्ही कलर टाकला नसता. तुमचा निर्लज्जपणा हाच तुमच्या बाजूचा पुरावा आहे. ते रडणं पत्त्यांचं आहे असं या दोघांना मनापासून वाटलं. असं वाटलेला माणूस दश्शी घेऊन एक चालसुद्धा पुढे जात नाही. तुम्ही गेलात. कारण ते रडणं पत्त्यांचं नाही, हे त्या सतरंजीवर फक्त तुम्हाला ठाऊक होतं. जिभेखालची गोळी गोड का लागतेय, तेही."

"पैशासाठी खेळलो असेन मी! तेवढ्याने..."

"पैशासाठी नाही, वकील साहेब. तुम्हीसुद्धा पत्ते टाकले असते तर डाव संपला असता. डाव संपला की माणसं आळस देतात, उठतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. या दोघांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं असतं. डाव चालू आहे तोवर कोणी उठत नाही, कोणी मध्ये बोलत नाही. तुम्ही हातात काही नसताना डाव लांबवलात, म्हणजे यांनी जागा सोडू नये. माझ्या बापाच्या ओट्यावर मी एक गोष्ट शिकले. ज्याचा हात रिकामा असतो तोच म्हणतो, खुशाल बघा. सकाळी तुम्ही मला पीएम खुशाल करा म्हणालात. पीएममध्ये हृदयविकारच निघणार, हे तुम्हाला माहीत होतं. डबी माझ्याकडे आलीये, हे माहीत नव्हतं."

ग्यानोबा पुढे आले. "पर ह्यानं असं का करावं? जमीन तर मह्या पोराला..."

"रजिस्ट्रीआधी हणमंतराव गेले तर जमीन सिंधुताईंची. आणि सिंधुताई," गीतांजलीने विचारलं, "तुमचे कागद कोण बघतं?"

सिंधुने भिंत सोडली. "वैजूच. तो बोट ठिवील तिथं मी सही करते."

वैजनाथांचा चेहरा तेव्हा बदलला. सकाळपासूनचा बसलेला आवाज, सुजलेले डोळे, सगळं गेलं आणि मागे हिशेबी, घाईचा चेहरा उरला. ते बहिणीकडे वळले. आवाज पुन्हा मऊ झाला.

"अक्का, तू सांग ना यांना. डबी तूच भरतेस ना? परवाही तूच भरली असशील. चुकून झालं असेल, घरात दोन्ही गोळ्या होत्या. चुकीला फाशी नसते, मी बघतो पुढचं. तू फक्त एवढं सांग."

गीतांजलीने अनेक गुन्हेगार पाहिले होते. सुरा उगारणारे, पाया पडणारे. पण मेहुण्याला मारून, त्याच्या विधवेला इतक्या मायेने पुढे ढकलणारा तिने पाहिला नव्हता. तिला वाटलं याच्या तोंडावर थुंकावं. पण उत्तर सिंधुने द्यायचं होतं.

सिंधु त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"परवा तू नव्या गोळ्या घेऊन आलास," ती म्हणाली. "म्हनलास, अक्का, तू भाकरी थाप, डबी मीच भरतो. मघा मॅडमनं इचारलं तवाबी म्या तुला वाचवलं रे. कधी मी, कधी ते, असं म्हनले. आता न्हाई. डबी तू भरलीस."

वैजनाथ काही बोलणार होते. व्यंकटीने त्यांच्या दंडाला धरलं.

६

प्रेत नांदेडहून परत आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पुन्हा तिरडी बांधली गेली. अर्ध्या गावाला बातमी कळली होती. उरलेल्या अर्ध्या गावाला गर्दीने सांगितली. गीतांजली फाटकाशी उभी होती. सिंधुला उंबऱ्याच्या आत घेताना ग्यानोबा नुसते म्हणाले होते, "सिंधुबाई, चुकलं." तिने मान हलवली होती. माफ केलं की नाही, ते त्या मान हलवण्यावरून कोणालाच सांगता आलं नसतं.

गर्दीत बसवंत आणि डॉक्टर माणिकप्पाही होते. पांढरे कपडे, खांद्यावर उपरणं. कायद्याने त्यांना हात लावता येत नव्हता. गीतांजलीने कलमं चाळली होती, नुसतं बसून राहिलेल्या माणसासाठी त्यात काही सापडलं नव्हतं. मघापासून बसवंत जो भेटेल त्याला सांगत होते, की त्यांना पहिल्यापासून वकिलाचा संशय होता. चाल करतानाच म्हटलं होतं मनात. डॉक्टर हात जोडून, गंभीरपणे मान डोलवत होते. गीतांजलीने दुसरीकडे तोंड फिरवलं.

उचलायची वेळ झाली. ग्यानोबा आणि त्यांचा मुलगा पुढे झाले. मागच्या बाजूला खांदा द्यायला बसवंत आणि डॉक्टर सरसावले. जवळचे मित्र म्हणून मान त्यांचाच होता, आणि लोकांनी त्यांना वाटही करून दिली. बसवंतांनी वाकून बांबूला हात घातला.

"थांबा."

सिंधु ओसरीवरून उतरून खाली आली. बायका तिला मागे ओढत होत्या, पण तिने त्यांचे हात सोडवले.

"बसवंतराव, डॉक्टर, हात काढा."

"वहिनी, आम्ही त्यांचे दोस्त..." बसवंत म्हणाले.

"म्हाईत हाय." सिंधुचा आवाज चढला नाही. अंगणभर ऐकू गेला मात्र. "माझा माणूस दाखवा, दाखवा म्हनत व्हता तवा तुम्ही बसून राहिलात. उठला असतात तर तो आज हिथं चहा पीत बसला असता. तवा उठला न्हाईत, आता कशापायी उठता? बसा."

डॉक्टर अजून तिरडीशीच उभे होते.

"बसा म्हनते नं मी. बसा!"

ग्यानोबांनी गर्दीतून दुसऱ्या दोघांना खुणेने बोलावलं. तिरडी उचलली गेली, माणसं फाटकाबाहेर पडली, आणि अंगण हळूहळू रिकामं झालं. बसवंत आणि डॉक्टर माणिकप्पा ओट्याच्या कडेला बसले होते. सगळं गाव मागे गेलं. त्यांना कोणी चला म्हणालं नाही.